'नेव्हर फेड' वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न (पहिल्या भागाचे स्पॉयलर आहेत, आधीच सांगतेय)

हे कुठलं पुस्तक म्हणे?

अलेक्झांड्रा ब्रॅकनच्या 'द डार्केस्ट माइंड्स' सिरीजचा दुसरा भाग. पहिला डिसेंबर २०१२ मधे आला, हा २०१३ च्या ऑक्टोबरमधे आणि तिसरा 'इन दि आफ्टरलाइट' २०१४ मधे. अमेरिकेत एक आजार येतो, त्यात शाळकरी वयाची बहुतेक मुलं मरतात आणि जी वाचतात त्यांच्यात काहीतरी शक्ती येते, मग सरकार घाबरून या वाचलेल्या मुलांना 'पुनर्वसन' म्हणत कॅम्पमधे टाकतं. आपली रुबी दहा वर्षांची असताना आत जाते आणि सोळाची होऊन बाहेर पडते. पहिला भाग म्हणजे पळून जाणं, एक काळी खटारा व्हॅन आणि त्यात भेटलेली तीन मुलं, लियाम (रुबी ज्याच्या प्रेमात पडते तो), चब्स आणि छोटी झू. दुसऱ्यात मात्र ती पळत नाही, ती चिल्ड्रन्स लीग या सरकारविरोधी संघटनेची एजंट झालेली असते, ट्रेनिंग वगैरे घेतलेली, मिशनवर जाणारी.

पहिला न वाचता डायरेक्ट दुसरा घेतला तर?

नका हो. काही सिरीजमधे दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मागची गोष्ट थोडक्यात कोंबलेली असते, इथे तसं जवळजवळ नाहीये, लेखिका सरळ एका ऑपरेशनच्या मधोमध नेऊन सोडते आणि कोण कुठल्या बाजूचा हे कळेपर्यंत गोळीबार सुरू. आणि खरं कारण वेगळंच आहे, दुसऱ्या भागातलं सगळं दुखणं पहिल्याच्या शेवटच्या काही पानांवर उभं आहे. ती पानं स्वतः वाचली नसतील तर लियाम समोर येतो तेव्हा तुम्हाला फक्त एक आजारी मुलगा दिसेल. बाकीचे वाचक तिथे उशीत तोंड खुपसून बसलेले असतात.

मूव्ही बघितलाय, मग पहिला भाग स्किप करू का?

२०१८ च्या ऑगस्टमधे आलेला तो. जेनिफर यू नेल्सनने केलाय, ॲनिमेशनमधून आलेली ती, 'कुंग फू पांडा २' तिचाच, आणि रुबी झालीये अमांडला स्टेनबर्ग. कास्ट छान आहे, मला स्कायलन ब्रूक्सचा चब्स तर पुस्तकातल्यापेक्षाही आवडला. पण पिक्चर चालला नाही, पुढचे भाग निघालेच नाहीत, म्हणजे लियामचं पुढे काय झालं हे कळायला पुस्तकाशिवाय इलाज नाही.

स्किप करायचाच असेल तर सांगाडा कळेल, शेवटही साधारण तोच आहे. पण डोळे रंगीत चमकणं वगैरे पिक्चरवाल्यांचं. पुस्तकात रंग हे सरकारने पाडलेले वर्ग आहेत, कॅम्पमधे कपड्यांवरून कळायचे, म्हणून रुबीला सहा वर्षं खोट्या रंगाखाली लपून राहता येतं. डोळे चमकत असते तर पहिल्या दिवशीच पकडली असती ना! शिवाय थर्मंड कॅम्पमधली ती सहा वर्षं पिक्चरमधे भुर्रकन उडून जातात. ती नीट वाचली की रुबी कुणी हात लावला तरी का दचकते हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रंगांचा गोंधळ होतोय, एकदा सांगा ना

हिरवे म्हणजे बुद्धी आणि स्मरणशक्ती जबरदस्त असलेले, निळे हात न लावता वस्तू हलवतात, पिवळ्यांच्या हातात वीज खेळते. हे तीन सरकारच्या लेखी त्यातल्या त्यात बरे. लाल आग लावतात, आणि नारिंगी दुसऱ्याच्या डोक्यात शिरतात, म्हणजे आठवणी बघणं, पुसणं, हवं ते करून घेणं. कॅम्पमधून लाल आणि नारिंगी मुलं गायबच केली जातात. रुबी नारिंगी, पण कॅम्पमधे हिरवी म्हणून वावरते. लियाम आणि चब्स निळे, छोटी झू पिवळी. दुसऱ्या भागात नवीन येतात त्यातला ज्यूड पिवळा, व्हायडा निळी आणि निको हिरवा. आणि आणखी एकजण आहे ज्याचा रंग शेवटपर्यंत कळत नाही, तो मी इथे सांगणार नाही, कमेंटमधे विचारलंत तरी.

व्हाइट नॉइज असा शब्द येतो तोही लक्षात ठेवा. फक्त या मुलांनाच ऐकू जाणारा आणि असह्य त्रास देणारा आवाज, लाऊडस्पीकरवरून सोडतात. गार्ड शेजारी आरामात उभे असतात आणि मुलं जमिनीवर लोळत असतात. सुपरपॉवर असलेल्या मुलांना काबूत कसं ठेवणार या प्रश्नाला लेखिकेने शोधलेलं हे उत्तर फार क्रूर आहे आणि पटणारंही, आणि त्यामुळेच इथे कुठलीच पॉवर भारी वगैरे वाटत नाही.

चिल्ड्रन्स लीग नक्की चांगली का वाईट?

हा प्रश्न पडला म्हणजे तुम्ही पुस्तक नीट वाचताय. लीग सरकारच्या विरोधात आहे, कॅम्पमधलं सत्य बाहेर आणू म्हणते, रुबीला कॅम्पमधून बाहेर काढलं ते लीगच्याच केटने. सरकारच्या भाषेत ते अतिरेकी. पण लीग मुलांना वाचवते आणि मग त्यांच्याच हातात बंदुका देते. हेडक्वार्टर लॉस एंजेलिसमधे जमिनीखाली आहे, तिथे वर्ग भरतात, ट्रेनिंग होतं, टीम पाडल्यात, प्रत्येक टीमला एक लीडर. रुबी लीडर आहे. शिवाय नारिंगी असल्यामुळे पकडून आणलेल्या माणसांच्या डोक्यात शिरून माहिती काढायचं काम तिच्याकडून करून घेतात.

मला दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त आवडला तो या भागामुळे. टीनएज एजंट म्हटलं की आपल्याला गॅजेट, मस्त जॅकेट, भारी डायलॉग अपेक्षित असतात. इथे रुबी कामात तरबेज झालीये आणि तेच भीतीदायक आहे. पहिल्या भागात तिला स्वतःची शक्ती आवरता येत नव्हती, आईबाबांच्या आणि मैत्रिणीच्या आठवणीतून ती स्वतःच पुसली गेली ते चुकून, तिला कळलंसुद्धा नाही काय झालं ते. आता तिला सगळं जमतं, पटकन जमतं, काम झालं की ती पुढच्या माणसाकडे वळते. तिचं तिलाच मधूनमधून जाणवतं की आपल्याला आता काही वाटेनासं झालंय. एजंटगिरी मुलांना कुठे नेते हे लेखिका लेक्चर न देता एवढ्यावरच दाखवते.

लियाम कधी येतो?? मी शंभर पानं वाचली, पत्ताच नाही

थांबा अजून. पुस्तक जवळपास पाचशे पानांचं आहे आणि हा बाबा बराच उशिरा येतो. तोपर्यंत त्याचा भाऊ कोल आहे, लीगचा एजंट, दिसायला तसाच पण स्वभावाने एकदम वेगळा. सुरुवातीच्या त्या ऑपरेशनमधे रुबीच्या टीमने सोडवून आणलेला माणूस म्हणजेच कोल, आणि तोच तिला सांगतो की फार महत्त्वाची माहिती असलेला एक फ्लॅश ड्राइव्ह त्याच्या जॅकेटमधे होता आणि ते जॅकेट लियाम नकळत घालून गेलाय. आजार कशामुळे आला याचं संशोधन आहे त्यात, म्हणजे सगळ्यांनाच हवा असलेला माल. लीगला कळायच्या आत लियामला शोध म्हणतो, आणि तिथून प्रवास सुरू होतो.

फक्त रोमान्ससाठी पुस्तक घेतलं असेल तर पहिला अर्धा भाग जड जाईल हे खरं आहे. पण पानं चाळून लियामपर्यंत उडी मारू नका, कारण रुबी त्याला शोधते ती परत मिळवायला नाही, दुरून तो ठीक आहे एवढं बघायला, आणि हा फरक कळायला मधली पानं लागतात.

तिने लियामच्या आठवणी पुसल्या ते बरोबर केलं का?

यावरून भांडणं होतात, होऊ देत. झालं काय होतं ते आधी. पहिल्या भागाच्या शेवटी चब्सला गोळी लागते, रुबी नाईलाजाने लीगला बोलावते, आणि मग लियामला सोडून देण्याच्या बदल्यात स्वतः लीगमधे राहायचं कबूल करते. लियाम तिला सोडून जाणार नाही हे तिला माहीत असतं. म्हणून ती त्याच्या डोक्यातून स्वतःला काढून टाकते, न विचारता. आणि लक्षात घ्या, जवळच्या माणसाच्या बाबतीत तिने हे पहिल्यांदाच मुद्दाम केलेलं असतं.

बरेच वाचक याला त्याग म्हणतात, किती प्रेम बघा वगैरे. मला पहिल्यांदा तसंच वाटलं होतं कारण तो सीन लिहिलायच तसा, डोळ्यात पाणी येतं. पण दुसरा भाग त्या त्यागाचा हिशोब मागतो. लियाम भेटतो तेव्हा तो तिला ओळखत नाही, त्याच्यासाठी ती फक्त लीगची एक एजंट, आणि लीगचा त्याला मनस्वी राग, एकेकाळी तो स्वतः आत राहून बाहेर पडलाय. तिला त्याचं हसू, त्याचे पांचट जोक, गाडी चालवताना तो कसा बसतो हे सगळं माहीत, आणि तो तिच्याकडे संशयाने बघतोय. एकाच्या डोक्यात पूर्ण प्रेमकथा आणि दुसऱ्याकडे कोरं पान, यापेक्षा असमान नातं काय असणार.

आपल्याकडे दुष्यंत शकुंतलेला विसरतो तो दुर्वासांच्या शापामुळे, त्यामुळे अंगठी सापडली की कुणाचाच दोष उरत नाही, सगळे मोकळे. इथे शाप देणारीही तीच आणि झुरणारीही तीच. 'तुझ्या भल्यासाठीच केलं' हे वाक्य आपल्या घराघरांत कितीदा ऐकलेलं असतं, कॉलेज कुठलं घ्यायचं यापासून लग्नापर्यंत, आणि ऐकणाऱ्याला कसं वाटतं तेही आपल्याला पक्कं ठाऊक असतं. फक्त यावेळी ते बोलणारी आपली लाडकी हिरॉइन आहे म्हणून आपण तिची बाजू घेऊन बसतो. माझं मत विचाराल तर तिने चूक केली, तिला दुसरा रस्ता दिसत नव्हता हेही खरं, आणि लेखिका या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवते. वायए, म्हणजे यंग ॲडल्ट, रोमान्समधे इतकं कोणी सहसा करत नाही, तिथे हिरोने रात्री खिडकीतून डोकावलं तरी ते गोड ठरतं.

लव्ह ट्रँगल आहे का? असेल तर नको

नाहीये, वाचा बिनधास्त. कोलवर काही वाचकांचा क्रश आहे पण तो वाचकांचा प्रश्न. क्लॅन्सी ग्रेला तर कृपया ट्रँगलमधे धरू नका. राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, देखणा, हुशार, रुबीसारखाच नारिंगी, आणि पहिल्या भागात तिच्या मनावर ताबा मिळवून त्याने जे केलं ते प्रेमाच्या जवळपासही जात नाही. हां, तो रुबीला एक प्रश्न मात्र देऊन जातो, की आपण दोघं वेगळे कसे? दुसऱ्या भागात तो पुन्हा येतो आणि तो प्रश्नही सोबत घेऊन येतो. लियामच्या डोक्यात तू काय केलंस हे रुबीला तोंडावर विचारायचा हक्क खरं तर कुणालाच नाही, आणि क्लॅन्सीला तर नाहीच, पण त्याच्यासमोर तिला पटकन उत्तर सुचत नाही कारण शक्ती तीच आहे ना.

सगळे ज्यूड ज्यूड का करतात?

वाचा म्हणजे कळेल. लांबच लांब हातपाय, सतत बडबड, मिशनवर कुणी नेऊ नये असा मुलगा, आणि तरी रुबीच्या मागे लागून येतोच. सुरुवातीला तो थोडा डोक्यात जातो, रुबीच्याही जातो. व्हायडाही सुरुवातीला नकोशी वाटेल, केस रंगवलेली, तोंडाने फटकळ, रुबीला एक धड नावाने हाक मारेल तर शपथ. तिचं आणि चब्सचं भांडण हा माझा पुस्तकातला सर्वात आवडता टाइमपास आहे, आणि त्या भांडणात काहीतरी शिजतंय असं वाटलं तर तुमचा अंदाज चुकीचा नाही.

झू कुठे गेली?

ती या भागात जवळजवळ नाहीच. तिच्यासाठी 'इन टाइम' नावाची नॉव्हेला, म्हणजे छोटी कादंबरी आहे, गेब नावाच्या एका तरुणाच्या तोंडून सांगितलेली, जो पळालेली मुलं पकडून पैसे कमवायला निघालेला असतो. पहिला आणि दुसरा यांच्या मधे वाचली तर छान बसते. 'स्पार्क्स राइज' ही दुसरी नॉव्हेला थर्मंडमधल्या सॅमची, हो तीच, रुबीची मैत्रीण, ती दुसऱ्या भागानंतर घ्या. नॉव्हेला नंतर 'थ्रू द डार्क' या एकाच पुस्तकात एकत्र आल्या, वेगवेगळ्या शोधत बसू नका.

इंग्लिश जमेल का? माझं मिडियम मराठी होतं

जमेल. सगळं रुबीच्या तोंडून आहे, वाक्यं बोलल्यासारखी, डिक्शनरी फार उघडावी लागत नाही. अडतं ते अमेरिकन गोष्टींवर, म्हणजे राज्यांची नावं, हायवेचे नंबर, कोण कुठल्या दिशेने चाललंय हे, तर फोनवर मॅप उघडा आणि व्हर्जिनिया, टेनेसी आणि कॅलिफोर्निया कुठे आहेत एवढं एकदा बघून ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. स्किप ट्रेसर म्हणजे इनामासाठी मुलांना पकडणारे लोक, पीएसएफ म्हणजे कॅम्पचे सैनिक. ॲक्शनच्या सीनमधे कोण कुठे उभं आहे ते कधीकधी मलाही कळत नाही, तो तुमच्या इंग्लिशचा दोष नाही.

मुलगी तेरा वर्षांची आहे, देऊ का वाचायला? (हा प्रश्न आयांकडून येतो, त्यामुळे जरा सविस्तर)

ताई, रोमान्सची काळजी असेल तर ती सोडा, किस आहेत, मिठ्या आहेत, त्यापुढे काही नाही. काळजी करायची तर हिंसेची करा. मुलं मरतात, कॅम्पमधे मारहाण आहे, गोळीबार आहे, आणि पहिल्या भागातला क्लॅन्सीचा प्रसंग अंगावर येणारा आहे कारण रुबीला हलता येत नाही आणि बोलता येत नाही. तेराव्या वर्षी काही मुलींना हे पेलतं, काहींना नाही, तुमची मुलगी तुम्हाला माहीत. लॉकडाऊनमधे जी मुलं लहान होती त्यांना तो आजार, बंद शाळा, वर्गातलं एकेक बाक रिकामं होत जाणं, हे सगळं जरा जवळचं वाटू शकतं हेही सांगून ठेवते, पहिलं पुस्तक २०१२ चं असलं तरी.

दिलंत तर एक करा, स्वतःही वाचा. रुबीने बरोबर केलं का हा प्रश्न तिला विचारा आणि ती काय म्हणते ते मधे न बोलता ऐका. वाद होईल कदाचित. तिच्या मोबाइलचा पासवर्ड तुम्ही का मागता यावर विषय जाईल, त्याचीही तयारी ठेवा.

पीडीएफ आहे का कुणाकडे?

नाही, आणि असती तरी दिली नसती. ईबुक आहे, पेपरबॅक मागवता येतं, पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात विचारा, आणि जुन्या इंग्लिश पुस्तकांच्या किलोवर विक्रीच्या प्रदर्शनात ही सिरीज हमखास नाही पण कधीतरी दिसते, तेव्हा एकटा दुसरा भाग मिळाला तरी उचलून ठेवा. लायब्ररीत नसेल तर मागणी नोंदवा.

शेवट कसा आहे? वाईट आहे का? (स्पॉयलर! वाचलं नसेल तर हा प्रश्न सोडून पुढच्यावर जा)

लियामला आठवतं. आणि आठवल्यावर लगेच सगळं गोड होत नाही, हे मला फार आवडलं. त्याला प्रेमही आठवतं आणि आपल्यावर काय केलं गेलं तेही. माफी वगैरे हळूहळू, तिसऱ्या भागापर्यंत लांबते.

आणि हो, ज्यूड. अंधारात, गोंधळात, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला. मोठं भाषण नाही, मांडीवर डोकं ठेवून शेवटचे शब्द नाहीत. मला आधी लेखिकेचा राग आला, आत्ता वाटतं असंच लिहायला हवं होतं, आणि राग तरीही आहेच.

तिसरा लगेच घेऊ की गॅप देऊ?

लगेच घ्या, दुसरा जिथे सोडतो तिथे कुणालाही राहवणार नाही. मुख्य गोष्ट तिसऱ्यात पूर्ण होते. २०१८ मधे चौथं 'द डार्केस्ट लेगसी' आलं त्यात झू मोठी झालीये, सतरा वर्षांची, आणि गोष्ट तीच सांगते. त्यात रोमन आणि प्रियांका अशी दोन नवीन पात्रं आहेत, आणि प्रियांका आहे म्हणून मी ते जास्तच उत्साहाने उघडलं होतं हे मान्य. पण रुबी-लियामसाठी घेणार असाल तर नका घेऊ, ते दोघं त्यात फार कमी दिसतात.